निळा दिवा लागला, पण टिकेल का?



दिवा आणि आपण यांचे नाते जुने आहे. आपले वाडवडील कोकणात गावोगाव घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, हे मुलांनी घरी ऐकलेच असेल. पुढे कंदील आले, चिमण्या आल्या. इस्राएलमध्ये आल्यावर नेफ्तच्या बत्त्या पाहिल्या, मग बल्ब, मग ट्यूब, आणि आता घरोघर एलईडी. एलईडीमुळे खशमलचे बिल कमी येते एवढे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दिव्याच्या पोटात काय असते, आणि त्यातला निळा रंग मिळवताना शास्त्रज्ञांच्या नाकी नऊ का आले, हे फारसे कोणी सांगत नाही. या अंकात आम्ही तेच सांगणार आहोत. आजी-आजोबांनी वाचावे आणि नातवंडांना समजावून द्यावे, किंवा नातवंडांनी वाचावे आणि आजी-आजोबांना समजावून द्यावे. हल्ली दुसरंच जास्त घडतं, नाही का?

आधी एक छोटा प्रयोग

बालमित्रांनो, आईची परवानगी घेऊन मोबाइल हातात घ्या. पडद्यावर एखादे पांढरे पान उघडा. आता बोटाच्या टोकाने टाचणीच्या डोक्याएवढा पाण्याचा थेंब पडद्यावर ठेवा आणि त्यातून नीट पाहा. थेंब भिंगाचे काम करतो. आत काय दिसते? लाल, हिरवे आणि निळे ठिपके! पांढरा ठिपका एकही नाही. तिन्ही रंग एकदम डोळ्यांत शिरतात आणि आपल्याला पांढरे वाटते. (झाले की थेंब पुसून टाका बरं का.)

आता विचार करा, यातला निळा काढून घेतला तर? लाल आणि हिरवा मिळून पिवळा दिसतो. म्हणजे निळ्याशिवाय पडद्यावर ना पांढरा कागद, ना आकाश, ना समुद्र. तिघांतला एक भाऊ रुसला की सगळे घर अडते, तसेच हे.

माळ्यावरून उडी

एलईडीमध्ये तार तापत नाही. तिथे एक लहानसा स्फटिक असतो. विजेचा दाब दिला की इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण त्या स्फटिकात वरच्या पायरीवर जाऊन बसतात आणि तिथून खाली उडी मारतात. उडी मारताना जी ऊर्जा सुटते तीच प्रकाश होऊन बाहेर पडते. प्रत्येक उडीला प्रकाशाचा एक कण.

कोकणातले जुने घर आठवा. ओट्यावरून अंगणात उडी मारली तर धप्प असा छोटा आवाज येतो. माळ्यावरून मारली तर घर हादरते. इलेक्ट्रॉनचेही तसेच आहे. उडी लहान असेल तर लाल प्रकाश मिळतो, मधली असेल तर हिरवा, आणि उंचावरून मारली तर निळा. उडीची उंची ठरते ती स्फटिक कशाचा बनला आहे त्यावर. निळ्यासाठी उंच माळ्याचा स्फटिक लागतो, आणि तो माळा बांधणेच सर्वांत कठीण.

लाल एलईडी निक होलोनियाक यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९६२ साली तयार केला. आपल्यापैकी ज्येष्ठांना सत्तरच्या दशकातली लाल आकड्यांची घड्याळे आणि गणकयंत्रे आठवत असतील, ती याचीच लेकरे. पिवळा आणि हिरवाही आला. पण प्रखर निळा काही केल्या येईना. गॅलियम नायट्राइड नावाचा स्फटिक त्याला योग्य होता, परंतु तो नीट वाढतच नसे, आणि बहुतेकांनी त्याचा नाद सोडला. जपानमध्ये नागोया येथे इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी मात्र सोडला नाही. तिकडे तोकुशिमा भागातल्या निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा एकटेच त्याच्या मागे लागले. १९९३ साली नाकामुरांनी प्रखर निळा दिवा जगाला दाखवला. लाल ते निळा या प्रवासाला ३१ वर्षे लागली! या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या स्वयंपाकघरातला पांढरा एलईडी बल्ब म्हणजे बहुधा हाच निळा दिवा असतो, वर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा लेप दिलेला.

घावनासारखा पसरणारा स्फटिक

मग प्रश्न सुटला की! आता कसली खटपट चालली आहे?

गॅलियम नायट्राइड टिकाऊ खरा, पण हट्टी. तो साधारण १,००० अंश सेल्सियस तापमानाला, कृत्रिम नीलमसारख्या महाग चकतीवर, थरावर थर चढवून वाढवावा लागतो. छोटे ठिपके बनवायला ठीक, पण मोठ्या पडद्यावर रंगासारखा सारवता येत नाही. शास्त्रज्ञांना असा पदार्थ हवा होता की जो पाण्यासारखा ओतावा, पसरावा, आणि दिवा तयार.

तसा पदार्थ सापडला. त्याचे नाव पेरॉव्स्काइट. नाव रशियन आहे. १८३९ साली गुस्ताव रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने उरल पर्वतातल्या एका खनिजाचे वर्णन केले आणि लेव्ह पेरॉव्स्की या रशियन उमरावाच्या सन्मानार्थ त्याला हे नाव दिले. ते खनिज दिव्याच्या कामाचे नाही. पण त्यातल्या अणूंची जी घडण आहे, त्याच घडणीत सीझियम, शिसे आणि ब्रोमीन हे अणू बसवले तर सुंदर प्रकाश देणारा स्फटिक तयार होतो. अणू वेगळे, घडण तीच, म्हणून आडनावही तेच राहिले.

हा स्फटिक बनवणे किती सोपे? क्षार द्रावणात विरघळवायचे, काचेच्या गरगर फिरणाऱ्या चकतीवर थेंब टाकायचा, घावनाचे पीठ तव्यावर पसरते तसा तो क्षणात पातळ पसरतो. मग शंभर अंशांच्या आसपास थोडे गरम केले की स्फटिकाचा थर तयार. घावन तव्याला चिकटले तर आपण दुसरे घालतो, तसेच इथेही पुन्हा करून बघता येते.

२००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने या पदार्थाचा उपयोग सूर्यप्रकाशापासून वीज मिळवण्यासाठी केला. २०१४ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने उलटा प्रवास केला, म्हणजे वीज दिली आणि साध्या खोलीच्या तापमानाला प्रकाश घेतला. तेव्हा शंभर इलेक्ट्रॉन आत सोडले तर प्रकाशाचा एक पुरता कणसुद्धा बाहेर येत नव्हता. शंभरात किती कण बाहेर आले, यालाच दिव्याची कार्यक्षमता म्हणायची. २०१८ साली हिरव्या दिव्याने २० टक्क्यांची पायरी ओलांडली, आणि २०२२ साली दक्षिण कोरियात सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटाने हिरव्यात २८.९ टक्के गाठले. आठ वर्षांत केवढी झेप!

निळ्याची दुखणी

आता वाचक म्हणतील, निळा करायला काय लागतं? युक्ती तर माहीतच आहे. या स्फटिकात आयोडीन घातले की लाल, ब्रोमीन घातले की हिरवा, क्लोरीन घातले की जांभळा. मग थोडे ब्रोमीन आणि थोडे क्लोरीन एकत्र केले की झाला निळा!

कागदावर झाला. प्रत्यक्षात तीन दुखणी निघाली.

पहिले दुखणे खड्ड्यांचे. स्फटिकात इकडे-तिकडे एखादा अणू गळालेला असतो, तिथे खड्डा पडतो. हिरव्या स्फटिकात हे खड्डे उथळ असतात, इलेक्ट्रॉन अडखळतो पण सावरतो. क्लोरीन गळाल्याने पडलेला खड्डा खोल असतो. त्यात पडलेला इलेक्ट्रॉन प्रकाश देत नाही, नुसती उष्णता देतो. त्यातच क्लोरीनचे क्षार द्रावणात नीट विरघळत नाहीत, त्यामुळे थर एकसारखा बसत नाही.

दुसरे दुखणे उंचीचे. माळा उंच, म्हणून तिथे चढायची शिडीही उंच हवी. दिव्यात स्फटिकाच्या दोन्ही बाजूंना वीज आणून सोडणारे थर असतात. हिरव्यासाठी पुरणारे थर निळ्याला अपुरे पडतात, आणि बरीच वीज वाटेतच वाया जाते.

तिसरे दुखणे सर्वांत वाईट. ताक करून ठेवले आणि तासाभराने पाहिले तर काय दिसते? निवळ वर, ताक खाली. या मिश्र स्फटिकाचेही तसेच होते. वीज सुरू झाली की ब्रोमीन आणि क्लोरीन जागेवर बसून राहत नाहीत, हळूहळू सरकतात आणि आपापले घोळके करतात. जिथे ब्रोमीन जास्त, तिथे माळा बुटका. पाणी जसे सखल जागी जमते तसे इलेक्ट्रॉन त्या बुटक्या जागी जमतात आणि तिथूनच उड्या मारतात. परिणाम असा की लावताना निळा असलेला दिवा डोळ्यांदेखत हिरवट होऊ लागतो. आणि सरकत सरकत हे अणू शेजारच्या थरांपर्यंत पोहोचले की दिवा विझूच लागतो.

उपाय काय चालले आहेत?

पहिला उपाय म्हणजे डागडुजी. भिंतीला भेगा पडल्या की आपण गिलावा करतो. इथे खड्ड्यांत बसतील असे रेणू मिसळतात, त्यांचे एक टोक स्फटिकाला घट्ट धरून बसते. पोटॅशियमसारख्या धातूंचे क्षार थोडे घातले तरी अणूंचे सरकणे कमी होते, असे अनेक प्रयोगशाळांत दिसले आहे.

दुसरा उपाय फार गमतीचा. क्लोरीन नकोच! शुद्ध ब्रोमीनचा स्फटिक घ्यायचा, पण इतका बारीक करायचा की इलेक्ट्रॉनला आत दाटीवाटीने राहावे लागेल. खोली अरुंद झाली की माळा आपोआप उंच होतो, हा सूक्ष्म जगाचा विलक्षण नियम आहे. अशा बारीक कणांच्या शोधासाठीच मुंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हिरवा प्रकाश देणारा स्फटिक चार-पाच नॅनोमीटरचा केला की तोच निळा प्रकाश देतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे कण किती बारीक ते समजा. मिश्रणच नाही म्हटल्यावर ते फाटण्याचा प्रश्नही नाही.

पण कण बारीक झाला की त्याचा पृष्ठभाग उघडा पडतो. तो झाकायला लांब शेपटांचे रेणू लावले तर कण सुरक्षित राहतात, परंतु त्या शेपटांतून वीज जात नाही. पांघरूण जाड असले तर ऊब मिळते, पण मुलाला हात-पाय हलवता येत नाहीत, अशी अवस्था. कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठाच्या गटाने २०२० साली लांब रेणू काढून त्या जागी पातळ, दुपदरी कवच बसवले आणि निळ्या दिव्यात १२.३ टक्के कार्यक्षमता मिळवली. त्यानंतरही प्रयोगशाळांतून आकडा वाढतोच आहे.

तिसरा उपाय अति पातळ पापुद्र्यांचा. पापुद्रा जितका पातळ तितका प्रकाश निळ्याकडे झुकतो. मात्र सर्व पापुद्रे सारख्या जाडीचे हवेत. एखादा जरी जाड राहिला तरी इलेक्ट्रॉन तिकडेच धावतात आणि रंग बिघडतो. घरात मांडे करणाऱ्यांना विचारा, सगळे एकसारखे पातळ करणे किती अवघड ते.

लागणे वेगळे, टिकणे वेगळे

आता खरी गोष्ट. बाजारातल्या एलईडी बल्बच्या खोक्यावर १५,००० किंवा २५,००० तास असे छापलेले दिसते. रोज पाच तास लावला तर १५,००० तास म्हणजे आठ वर्षांहून अधिक. निळ्या पेरॉव्स्काइटचे काय? दिव्याचा उजेड निम्म्यावर यायला किती वेळ लागतो, हे शास्त्रज्ञ मोजतात. निळ्याच्या बाबतीत कित्येक प्रयोगांत हा वेळ मिनिटांत मोजावा लागला आहे, आणि बऱ्यांपैकी दिव्यांत तो तासांत मोजतात. सोलच्या त्या हिरव्या दिव्याचा उजेड प्रखर असताना ५२० तासांनी निम्मा झाला, आणि मंद लावला तर ३०,००० तासांहून अधिक चालेल असा अंदाज त्यांनी हिशेबाने काढला. निळा भाऊ मागे आहे, आणि पडद्यावर तिघांनी बरोबरच चालायला हवे.

यात निळ्याचा दोष किती आणि पदार्थाचा किती? आम्हाला वाटते, मूळ एकच आहे. पेरॉव्स्काइट हा मऊ स्वभावाचा स्फटिक आहे. त्याचे अणू एकमेकांना सैल धरून असतात. सैल धरतात म्हणूनच तो द्रावणात विरघळतो आणि कमी तापमानाला पसरतो. आणि सैल धरतात म्हणूनच दमट हवा, उष्णता आणि वीज लागली की अणू जागा सोडतात. गॅलियम नायट्राइड बनायला जितका हट्टी, तितकाच मोडायलाही हट्टी. जे पटकन जमते ते पटकन विस्कटते, असे आपल्या घरातली थोरली माणसे सांगत आली, ते इथेही खरे ठरते.

रेखोवोत आणि हैफा

पण या सैलपणाची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिली. रेखोवोतच्या वाइझमन संस्थेत डेव्हिड काहेन, गॅरी होड्स आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षे या पदार्थावर काम करीत आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात ब्रोमीनच्या पेरॉव्स्काइट स्फटिकांच्या आत प्रखर लेझरने मुद्दाम इजा केली गेली. इजा झालेल्या जागेचा प्रकाश बदलला. मग स्फटिक नुसते अंधारात ठेवून दिले, आणि काही तासांच्या आत ती जागा आपोआप भरून आली! जखम झाल्यावर आपली कातडी भरून येते, तसे. हैफाच्या टेक्निऑनमध्ये येहोनादाव बेकनश्टाइन यांच्या गटाने याच जातीच्या सूक्ष्म कणांतली पोकळी सरकत सरकत पृष्ठभागाकडे जाताना आणि निघून जाताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

हे कसे घडते? अणू सैल आहेत, सरकू शकतात, म्हणूनच ते परत जागेवर येऊ शकतात. ज्या सवयीमुळे दिवा बिघडतो त्याच सवयीमुळे तो बरा होतो. तेव्हा अणूंना साखळदंडाने बांधून ठेवण्याऐवजी, त्यांना घराबाहेर जाऊ न देता घरातल्या घरात फिरू द्यावे, अशा दिशेनेही विचार चालला आहे. दिवा काचेत हवाबंद करायचा, शेजारच्या थरांची दारे बंद करायची, आणि दुरुस्ती त्याची त्याला करू द्यायची. निळ्या दिव्यात हे साधले तर खूप काही साधेल.

शिशाचे काय?

एक काळजी आजी-आजोबांच्या मनात लगेच येईल. यात शिसे आहे ना? होय, आहे. शिसे विषारी आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त धोका असतो. दिव्यातला थर केसापेक्षा कितीतरी पट पातळ असल्यामुळे शिशाचे प्रमाण अल्प असते, पण पाण्यात विरघळणारे शिसे अल्प असले तरी दुर्लक्ष करून चालत नाही. म्हणून काही गट शिशाशिवाय काम करीत आहेत. सीझियम, तांबे आणि आयोडीन यांचा एक पदार्थ छान निळा प्रकाश देतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी २०१८ साली दाखवले. दिव्यातून अजून तो पुरेसा उजेड देत नाही, पण वाट चांगली आहे. जे शिशाचे दिवे बाजारात येतील, ते फुटू नयेत आणि जुने झाल्यावर परत गोळा व्हावेत, हे पाहणे कारखानदारांचे आणि सरकारचे काम.

बातमी वाचताना

वर्तमानपत्रात अधूनमधून मथळा येतो, 'निळ्या दिव्यात नवा विक्रम'. तो वाचला की आपण दोन प्रश्न विचारावे. शंभरातून किती प्रकाश निघाला? आणि किती वेळ निघाला? पहिला आकडा मोठ्या अक्षरांत असतो, दुसरा बहुधा शेवटच्या ओळीत. घराला उजेड दोन्ही मिळून मिळतो. आज आपल्या घरातले बल्ब बदलण्याची काही घाई नाही, ते उत्तम आहेत. हा नवा दिवा आला तर आधी टीव्ही आणि मोबाइलच्या पडद्यांत येईल, कारण त्याचा रंग फार शुद्ध असतो.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. निळा दिवा टिकवण्याचे काम अजून कोणी पुरे केलेले नाही. त्यासाठी रसायन, गणित आणि चिकाटी लागते. पहिल्या दोन गोष्टी शाळेत शिका. तिसरी शिकायची असेल तर आजीजवळ बसा आणि तिने घर कसे चालवले ते विचारा.

 लेखातले काही समजले नसेल तर जरूर कळवा, पुढच्या अंकात आम्ही उत्तर देऊ.